घरात पट्ट्यांचा साप निघालाय, कोणता आहे? (जुळे सोलापूर, फोटो आहे)

जुळेकर | रात्री ११:२०

मंडळी, तातडीचं आहे, थोडक्यात लिहितो. अर्ध्या तासापूर्वी आमच्या मधल्या खोलीत साप निघाला. तळमजल्याचं घर, विजापूर रोडपासून आत, शेजारी मोकळा प्लॉट. आई शहाबादीवर सतरंजी अंथरत होती, तिनेच पहिल्यांदा पाहिला. "ही वादी कुणाची पडलीय" म्हणत उचलायला वाकली आणि वादी सरकली.

आता लोखंडी कपाटाखाली शिरलाय. लांबी दोन फुटांच्या आतबाहेर, जाडी करंगळीहून थोडी जास्त. अंग काळं, त्यावर पांढरे आडवे पट्टे. फोटो एकच मिळाला, त्यातही फक्त मागचा भाग आणि शेपूट. डोकं आत गेलेलं.

बिनविषारी असेल तर मीच काठीने बाहेर काढतो. कोणता आहे सांगा लवकर.

[फोटो]

शेंगाचटणी | ११:२६

कवड्या. शंभर टक्के. घरात निघणारा पट्ट्यांचा साप कवड्याच असतो, पाली खायला येतो. आमच्या होटगी रोडच्या बिल्डिंगमध्ये दर पावसाळ्यात दिसतो, एकदा तर तिसऱ्या मजल्यावर निघाला होता. विष नसतं. सुपलीत घ्या, बाहेर सोडा, निवांत झोपा.

पूर्वभाग | ११:२९

कवड्या असू दे नाहीतर आणि काय असू दे. रात्रीची वेळ, घरात म्हातारं माणूस. दोन दणके घाला, विषय संपवा. नाव काय ते सकाळी बघत बसा की ओ.

माळरान | ११:३४

जुळेकर, नाव नंतर. आधी काठी ठेवून द्या.

आईंना दुसऱ्या खोलीत पलंगावर बसवा, पोरं असतील तर त्यांनाही, पाय वर घेऊन. खोलीला दोन दारं असतील तर एक लावून घ्या आणि खालच्या फटीत चादर पिळून घट्ट कोंबा. दुसऱ्या दारात तुम्ही उभे राहा. पायात बूट, हातात टॉर्च, कपाटापासून सहा-सात फूट लांब. खोलीतला दिवा चालू ठेवा. काम एवढंच, नजर हलवायची नाही. साप कुठे आहे ते माहीत असेल तोवर काही बिघडत नाही. तो दिसेनासा झाला की मग रात्रभर सगळं घर उचकटावं लागतं, आणि तेव्हाच माणसं नको तिथे हात घालतात.

सर्पमित्राचा नंबर असेल तर लगेच लावा. नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे.

पूर्वभाग, साप मारायला काठीच्या टप्प्यात जावं लागतं, म्हणजे त्याच्याही टप्प्यात. मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच हातापायाला चावल्याची उदाहरणं कमी नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण आहे, तो भाग वेगळाच.

हे सगळं झालं की मला सांगा: पट्टे शेपटीच्या टोकापर्यंत ठळक आहेत की मागे जाताना पुसट होतात? पुढे पट्टे कुठून सुरू होतात? मानेवर पांढरट पट्टी होती का? भिंतीवर चढायला बघत होता का?

शेंगाचटणी | ११:३७

उगाच घाबरवताय त्यांना. मी दहा वेळा पाहिलाय हा साप.

माळरान | ११:३९

तुमच्या बिल्डिंगमधला पाहिलाय. हा नाही. फोटोत डोकं नाही, मान नाही, पाठीचे खवले दिसत नाहीत. अर्ध्या सापावरून शंभर टक्के कुठून येणार?

जुळेकर | ११:४८

सांगितलं तसं केलं. आई आणि पोरगी आतल्या खोलीत. चादर कोंबली. मी दारात उभा आहे, साप अजून तिथेच, वळण घेऊन बसलेला अर्धवट दिसतोय. ऑफिसातल्या एका मित्राकडून सर्पमित्राचा नंबर मिळाला, ते निघालेत.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आईला विचारून लिहितो. तिचं म्हणणं, पुढचा वीतभर भाग साधा काळा होता, पट्टे त्याच्या मागून सुरू झाले. मानेवर पट्टी नव्हती. डोकं मानेहून वेगळं असं उठून दिसलं नाही. भिंतीच्या कडेकडेने गेला, चढला नाही. फोटो मोठा करून पाहिला, पट्टे बारीक आहेत आणि अगदी शेपटीच्या टोकापर्यंत स्पष्ट. दोन-दोन जवळ असल्यासारखे वाटतात.

माळरान | ११:५६

आईंची नजर चांगली आहे. हे वर्णन ऐकून मी मण्यार धरूनच चालेन, आणि सर्पमित्रांनाही फोनवर तसंच सांगा.

कारण लिहितो, म्हणजे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात. मानेवर पांढरट किंवा पिवळसर पट्टी असते, पुढचे पट्टे रुंद आणि ठळक, आणि मागे जाईल तसे ते विरत जातात. शेपटीकडे बऱ्याचदा नुसता तपकिरी रंग उरतो. मण्यारीचं बरोबर उलटं. डोक्यामागचा बराच भाग बिनपट्ट्याचा किंवा नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांचा, मग बारीक पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने, आणि ते शेपटीपर्यंत ठळक. म्हणून अर्धवट फोटोत शेपूट आली असेल आणि तिच्यावरचे पट्टे टोकापर्यंत स्वच्छ असतील, तर मला तरी काळजी वाटते. तुमच्या फोटोत नेमकं तेच आहे.

रंगावर जाऊ नका. कवड्या बहुतेक वेळा तपकिरी असतो, पण पट्टेरी कवड्या नावाचा त्याचा भाऊबंद जवळजवळ काळा असतो, आणि त्याला मण्यार समजून मारतात. मण्यारीचंही कात टाकण्याआधी अंग मळकट दिसतं. ट्यूबलाईट आणि मोबाईलच्या फ्लॅशमध्ये तर रंगाचं काहीच खरं नसतं.

चढण्याचं मुद्दाम विचारलं. कवड्या खडबडीत भिंतीवर, पाईपवर, खिडकीच्या चौकटीवर सहज चढतो. तिसऱ्या मजल्यावर निघालेला तो म्हणूनच. मण्यार चढण्यात तेवढी पटाईत नाही, ती जमिनीवर, भिंतीच्या कडेने चालते. अर्थात नुसत्या या एका गोष्टीवर निकाल द्यायचा नाही.

पक्की खूण पाठीवर असते. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग असते, ते खवले षटकोनी आणि बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे. कवड्याच्या पाठीवरचे सगळे खवले सारखेच. पण ती खूण बघायला जवळ जावं लागतं, आणि ते तुमचं काम नाही.

शेंगाचटणी | रात्री १२:०१

नेटवर कवड्याचे काळे फोटोसुद्धा ढिगाने आहेत. आणि मण्यार शेतात असते ओ, फरशीच्या घरात कशाला येईल?

माळरान | १२:०६

उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे साप खायला. कवड्यासुद्धा खाते ती. मण्यारीचे बरेचसे दंश घरातच होतात, रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला.

रेल्वेलाईनची_अक्का | १२:०९

बाळा, आईला सांभाळ रे. एक शंका विचारते, हसू नका कुणी. आमच्याकडे म्हणतात साप जोडीने असतात, एक धरला की दुसरा शोधत येतो. खरं आहे का?

माळरान | १२:१२

नाही अक्का. एरवी साप एकेकटाच हिंडतो, एकाला धरलं म्हणून दुसरा माग काढत येत नाही. एकाच जागी दोन निघाले तर समजायचं की तिथे दोघांना पुरेल एवढं खाणं आणि लपायला जागा आहे.

जुळेकर | १२:५२

आले, पकडला, गेले. हात आत्ता कुठे थांबलेत.

मण्यार निघाली.

सविस्तर लिहितो. सर्पमित्र आल्या आल्या त्यांनी खोलीत पाऊल टाकायच्या आधी दारातूनच टॉर्च मारून पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग आम्हाला अजून मागे व्हायला सांगितलं. त्यांच्याकडे हातभर लांब पीव्हीसी पाईप होता, एका तोंडाला काळी कापडी पिशवी बांधलेली. पाईपचं उघडं तोंड कपाटाच्या कोपऱ्याशी ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने लोखंडी हुकने हळूच हुसकावलं. अंधारी जागा दिसली तशी ती आपणहून पाईपात शिरली. ना ओढाताण, ना शेपूट धरून उचलणं. मी काय काय कल्पना करून बसलो होतो.

मग पारदर्शक बरणीत घेऊन आम्हाला दाखवली. माळरान यांनी लिहिलेली खवल्यांची रांग मी स्वतः बघितली. पाठीच्या कण्यावरून सरळ रेषेत, सहा बाजूंचे मोठे खवले, आणि दोन्हीकडे बारीक तिरके. एकदा दिसली की डोळ्यांपुढून जातच नाही. अंगाला निळसर चकाकी, तेल लावल्यागत. पोट पांढरंशुभ्र. डोळा बारीक आणि पूर्ण काळा. बरणीत फणा नाही, फुत्कार नाही. डोकं अंगाच्या वेटोळ्याखाली घालून पडून राहिली. एवढी गरीब दिसत होती की पोरगी म्हणाली, "बाबा, ही आजारी आहे का?"

शेजारच्या पोरांना सेल्फी हवी होती. सर्पमित्रांनी साफ नकार दिला. वनविभागाला कळवून जवळच्याच मोकळ्या जागेत सोडणार म्हणाले. लांब नेऊन सोडलेला साप अनोळखी जागेत जगेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं.

आई मघापासून एकच वाक्य म्हणतेय, "मी हात घालणार होते."

पूर्वभाग | १२:५८

बाप रे. आमच्या आजीने शेपूट बघूनच "कट्लपामु" (तेलुगूत मण्यार) म्हणून आरडाओरडा केला असता. आईंना साखरपाणी द्या.

शेंगाचटणी | रात्री १:०३

सुटलात म्हणायचं. पण लहानच होती ना? पिल्लांना विष कमी असतं.

रात्रपाळी | १:१५

आत्ता वाचला धागा. सरकारी रुग्णालयात काम करते, म्हणून या शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

विषारी सापाचं पिल्लू जन्मल्यापासून विषारी असतं. दोन फुटी मण्यार माणसाला मारायला पुरेशी आहे. आणि मण्यारीच्या बाबतीत खरी अडचण पुढची आहे. दंश दुखत नाही. सूज नाही, रक्त नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. झोपेत डास चावला असं वाटून माणूस कूस बदलतो. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, सोडा देतात, ओवा देतात. मग पापण्या जड होतात, डोळे उघडे ठेवता येत नाहीत, बोलणं अडखळतं. त्यानंतर श्वासाचे स्नायू. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर काम करतं, आणि एकदा तिथे झालेलं नुकसान प्रतिविषाने लगेच भरून निघत नाही. म्हणून उशिरा आलेल्या पेशंटला व्हेंटिलेटरवर ठेवून नसा सावरायची वाट बघावी लागते. वेळेत श्वासाला आधार मिळाला तर माणसं पूर्ण बरी होऊन चालत घरी जातात, हेही लिहून ठेवते.

राजस्थानात या जातीच्या सापाला पीवणा म्हणतात. झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास पितो अशी समजूत. सकाळी माणूस गुदमरलेला सापडतो आणि अंगावर खूण नाही, मग लोकांनी दुसरं काय समजायचं?

तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या जड, असं दिसलं तर साप पाहिला नसला तरी थेट दवाखाना गाठा.

वाचनमात्र | १:२२

ताई, एरवी फक्त वाचतो, आज विचारतो. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की चावल्याच्या वरच्या बाजूला दोरी बांधायची आणि ब्लेडने चिरा द्यायचा. आता काय सांगतात?

रात्रपाळी | १:३१

दोन्ही करायचं नाही. आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटतो, हातपाय गमावलेली माणसं आम्ही पाहतो. चिरा दिला आणि साप घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठतच नाही, वाहत राहतं. तोंडाने ओढणं, बर्फ, हळद, मिरची चाखवून बघणं, सगळं बंद.

करायचं ते साधं आहे. माणसाला धीर द्या, चालवू नका, पळवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, सूज आली की ती रुततात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. आपल्या इथे सिव्हिलला (सर्वोपचार) जा. जवळ ग्रामीण रुग्णालय असेल तर आधी तिथे, पण निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का विचारा. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं.

आणि कृपा करून साप मारून पिशवीत आणू नका. काही जण जिवंतच आणतात, तो वॉर्डात सुटला की आमची पळापळ. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. साप कोणता ते कळलं तर पुढची लक्षणं ओळखायला मदत होते, पण त्यावाचून उपचार अडत नाहीत. लांबून सहज फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर सोडा. आम्ही लक्षणं बघतो, काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो आणि ते गोठतंय का पाहतो. सुरुवातीला प्रतिविषाच्या ८ ते १० वायल (कुप्या) लागतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. लोक यावर भांडतात, "एवढ्याशा पोराला एवढं औषध?" अहो, सापाने पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं.

लक्षणं नसली तरी २४ तास देखरेखीखाली राहायचं. मण्यारीच्या दंशात तर हे फारच महत्त्वाचं.

रेल्वेलाईनची_अक्का | सकाळी ६:५०

रात्रभर झोप नाही आली हे वाचून. आमचं जुनं घर माळवदाचं होतं, सागाच्या तुळया आणि वर पांढरी माती. त्या तुळयांतून कवड्या डोकावायचा, आम्ही "आलास का रे" म्हणायचो. सासूबाई सांगायच्या, तो पालीमागं असतो. आता वाटतं, ते सगळे कवड्याच होते कशावरून?

आपल्या जिल्ह्यातल्या शेटफळला नाग मारत नाहीत म्हणतात. तिथली माणसं कशी राहत असतील?

माळरान | ७:२०

अक्का, तुळईवरचा, मानेवर पट्टी असलेला तुमचा पाहुणा बहुधा कवड्याच. त्याचे पुढचे दात लांब असतात, हातात धरला तर कडकडून चावतो, पण विष नाही.

शेटफळबद्दल: नाग न मारणं चांगलंच आहे. पण नाग दिसतो, फणा काढतो, फुत्कारतो, माणसाला सावध करतो. मण्यार यातलं काहीच करत नाही. नागासोबत राहायची सवय मण्यारीला लावता येत नाही.

जुळेकर | ८:०५

रात्रपाळी ताई, माळरान, दोघांचे आभार मानावेत तेवढे थोडे. आईने आज पलंगावर झोपायचं कबूल केलंय, ही आमच्या घरातली मोठी क्रांती.

आता पुढचा प्रश्न. आत आली कुठून? दारं बंद असतात. आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करू? घरमालक म्हणतात घराभोवती कार्बोलिक टाका.

माळरान | ८:३०

कार्बोलिक, फिनेल, गंधक, लसूण, बाजारातल्या सापाच्या पावडरी, यातल्या कशानेही साप अडत नाही. कार्बोलिकने पोराच्या किंवा कुत्र्याच्या कातडीला भाजेल एवढं मात्र नक्की.

मोरीचा पाईप बघा. मोरीचं पाणी उघड्या गटारात जात असेल आणि जाळी तुटलेली असेल तर तोच रस्ता. दुसरा रस्ता दाराखालची फट. करंगळी जाईल एवढ्या फटीतून अशी मण्यार येते. खाली रबरी पट्टी मारून घ्या. खिडकीला टेकलेली वेल किंवा फांदी छाटा, ती कवड्याची वाट असते.

पण खरं कारण तुमच्या शेजारच्या प्लॉटवर आहे, मी न बघता सांगतो. वेडी बाभूळ वाढलेली असेल, कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा टाकलेला असेल आणि उष्टं-खरकटं कोपऱ्यात पडत असेल. खरकट्यावर उंदीर, उंदरांवर साप, राहायला विटांचा ढीग. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात उंदीर-सापांची घरं असतात. पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात, बिळात पाणी भरतं, आणि सगळे बाहेर पडतात. जुळे सोलापूरच्या बऱ्याच कॉलन्या अशाच शेतजमिनीवर उभ्या आहेत. साप तिथे आपल्या आधीपासून आहेत.

जुळेकर | ८:४१

प्लॉटचं वर्णन तंतोतंत. फक्त एक जुनं बेसिन आणि फुटकी पाण्याची टाकी राहिली.

रात्रपाळी | ९:१०

आईंना पलंगावर मच्छरदाणीही लावा. गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली. डासांसाठी लावतो ती सापालाही अडवते. आणि रात्री उठताना टॉर्च. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी उजेड.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. २०३० पर्यंत हा आकडा निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा २०२४ मध्ये आला. आराखडा येवो न येवो, टॉर्च आपल्या हातात आहे.

मंगळवेढ्याचा_शेतकरी | १०:४५

चांगला धागा. पण सगळे पट्ट्यांवरच अडकलेत, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो.

आमच्याकडे घराला लागून कडब्याची गंज असते. तिथून घरात येतो तो जास्त करून तस्कर, उंदरांमागे. अंगावर पुढच्या भागात चौकटी, मागच्या भागात दोन काळे पट्टे उभे शेपटीपर्यंत, डोळ्याखाली काळी रेघ. चिडला की पुढचा भाग उचलून वळण घेतो, बाया ओरडतात "नाग, नाग". बिनविषारी आहे.

घोणशीचा घोटाळा मात्र जीवावरचा. पाठीवर गडद अंडाकृती ठिपक्यांच्या तीन साखळ्या, डोकं तिकोनी, आणि शिटी दाबून धरलेल्या कुकरसारखा सलग फुत्कार. याच्याशी मिळताजुळता डुरक्या घोणस, बिचारा बिनविषारी, ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपूट आखूड. लोक डुरक्याला घोणस समजून मारतात, त्यात सापाचं नुकसान. घोणशीच्या पिल्लाला अजगर समजून हातात घेतात, त्यात माणसाचं. घोणस अंडी घालत नाही, एका वेळी वीस-तीस पिल्लं टाकते, त्यामुळे पावसाच्या तोंडावर बांधावर एक पिल्लू दिसलं तर बाकीची आसपास असतात. कडब्याच्या पेंढ्या ओढताना आम्ही आधी लांब काठीने हलवतो, मग हात.

माळरान | ११:२०

अगदी बरोबर. माळावरच्या घरांसाठी आणखी एक जोडी जोडतो: फुरसं आणि मांजऱ्या. दोघांची बाहुली उभी, दोघे रंगाने मातकट, दोघे चिडले की वेटोळं घालून झेपावतात. फुरसं आखूड आणि जाड, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि अंगाला अंग घासून करवतीचा आवाज काढतं. मांजऱ्या लांब, सडपातळ, मान बारीक, डोळे मोठे. मांजऱ्याला सौम्य विष असतं, माणसाला धोका नाही. पण आवाज ऐकण्याइतके जवळ असाल तर ओळख पटवायचं सोडा आणि मागे व्हा.

शेंगाचटणी | ११:३२

एवढं सगळं पाठ कोण करणार ओ? जनतेला एक सोपी खूण सांगा की. विषारी सापाचं डोकं तिकोनी, असं आम्ही ऐकलंय.

माळरान | ११:४०

मण्यारीचं डोकं तिकोनी नसतं, नागाचंही नाही. ही एक खूण धरून बसलात तर आपल्याकडचे चारपैकी दोन हातातून सुटले. तुम्ही आपली लांब राहायची खूण धरा. सहा फूट.

पूर्वभाग | ११:४४

हे जमेल त्यांना.

बाळेकर | दुपारी १:१५

याच धाग्यात विचारतो, नवीन काढत नाही. आमच्या बाथरूममध्ये जाळीपाशी हा निघालाय. वीतभरसुद्धा नाही, काळपट, चकचकीत. गांडूळ म्हणावं तर जीभ काढतोय. बायकोने वर बादली पालथी घालून ठेवलीय. मण्यारीचं पिल्लू तर नव्हे?

[फोटो]

माळरान | १:२२

फोटो छान आलाय, सगळा साप दिसतोय. वाळा आहे. पट्टे नाहीत, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, शेपूट आणि डोकं सारखंच बोथट, अंगाला गांडुळासारखी वळी नाहीत. मुंग्या आणि वाळवीची अंडी खातो. या जातीत सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. विष नाही, चावायला तोंडही तेवढं नाही.

जाड कागद खाली सरकवून उचला आणि ओलसर मातीत सोडा. गरम पाणी किंवा फिनेल ओतू नका.

बाळेकर | १:२६

माती म्हणजे दारातली तुळशीची कुंडीच आहे फक्त. बायको विचारतेय, रोज हळदीकुंकू वाहायचं त्यात, चालेल का?

रेल्वेलाईनची_अक्का | १:३०

चालेल की. पाणी बेतानं घाल म्हणावं तिला.